जुनी डिझेल पिकअप घरी सांभाळताना: देखभाल आणि बिघाड शोधण्याचा क्रम

इंजेक्शन पंप यांत्रिक आहे, कॉम्प्युटर नाही, बॉनेट उघडलं की सगळं दिसतं, अशी जुनी डिझेल पिकअप हाताशी असेल तर तिची बरीचशी कामं घरी होऊ शकतात. या इंजिनाच्या गरजा मोजक्या आहेत: हवा न शिरलेलं स्वच्छ डिझेल, भरपूर हवा, ती हवा दाबून तापेल इतकं कॉम्प्रेशन, आणि सुरू करताना इंजिन जोरात फिरवणारा सेल्फ. गाडी बिघडली की यातलं काय कमी पडतंय एवढंच शोधायचं असतं.

नवशिक्यांची चूक बहुधा क्रमात होते. गाडीने त्रास दिला की पहिला संशय पंपावर आणि नोझलवर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) जातो, आणि ती कामं सगळ्यात महाग. प्रत्यक्षात दोष निघतो तो ढिल्या क्लिपमध्ये, चोंदलेल्या फिल्टरमध्ये किंवा गंजलेल्या अर्थच्या पट्टीत (इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी विजेची पट्टी). म्हणून साधं आणि स्वस्त ते आधी तपासायचं आणि पंपाला हात सगळ्यात शेवटी लावायचा. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

हात लावण्याआधी

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या, जमिनीवर राहणाऱ्या चाकांच्या मागेपुढे लाकडी ठोकळे लावा, उचलल्यावर चॅसीखाली दोन स्टँड द्या आणि गाडी हाताने हलवून पाहा. त्यानंतरच खाली शिरा. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक वापरू नका, ते काही इशारा न देता फुटतात.

दुसरा धोका डिझेलमध्ये आहे आणि तो दिसत नाही. पंपापासून नोझलपर्यंतच्या लोखंडी पाइपांत शंभर बारच्या वर दाब असतो. तिथली बारीक पिचकारी कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आतलं मांस खराब होतं आणि हात गमावण्याची वेळ येऊ शकते. इंजिन चालू असताना या पाइपांची गळती बोटाने कधीही चाचपू नका. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा, ओला डाग उमटला की जागा कळते. पिचकारी लागलीच तर दुखत नसलं तरी लगेच दवाखान्यात जा आणि डिझेल आत शिरलंय हे तिथे स्पष्ट सांगा.

अवजारांत सॉकेट सेट, रिंग पाने, टॉर्क रेंच, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मल्टिमीटर, ग्रीस गन आणि डिझेल पाइपच्या मापाचा हातभर पारदर्शक पाइप. या शेवटच्या वस्तूचा उपयोग पुढे कळेल.

इंजिन ऑइल

बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांना १५डब्ल्यू-४० ग्रेडचं, डिझेल इंजिनासाठी बनवलेलं ऑइल चालतं. चार सिलिंडरच्या दोन-अडीच लिटर इंजिनात साधारण ५ ते ७ लिटर बसतं. दर ५ ते १० हजार किलोमीटरला बदला. धुळीत, ओझ्यावर किंवा रोजच्या छोट्या फेऱ्यांवर चालणाऱ्या गाडीला खालचाच आकडा धरा.

इंजिन थोडं चालवून कोमट करा, ड्रेन बोल्ट काढा आणि ऑइल पूर्ण निथळू द्या. बोल्टचा वॉशर नवा घाला. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावा, रबर टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवा आणि तिथून पाऊण फेरा आणखी. पान्याने आवळलात तर पुढच्या वेळी तो निघताना डबा फाटेल. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंतच भरा. इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दोन मिनिटांनी बंद करून, थोडं थांबून पातळी पुन्हा बघा.

नवं ऑइल दोन-तीन दिवसांत काळं झालं म्हणून घाबरू नका. डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरतेच, ती धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. घाबरायचं ते दोन गोष्टींना: ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळतंय, आणि पातळी आपोआप वाढत असेल तर डिझेल किंवा पाणी ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. दोन्ही वेळा कारण सापडेपर्यंत गाडी चालवू नका.

जळकं ऑइल कातडीला वाईट, म्हणून हातमोजे घाला. ते जमिनीत किंवा गटारात न ओतता डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्या.

डिझेलची वाट: टाकीपासून पंपापर्यंत

जुन्या डिझेल गाडीचे निम्मेअधिक त्रास या वाटेवर असतात, म्हणून हा भाग नीट समजून घ्या.

टाकीतून डिझेल वर येतं ते ओढलं जाऊन. बऱ्याच गाड्यांत फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) आधीचा सगळा पाइप ओढीखाली असतो. त्याला चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. जमीन कोरडी, पाइप कोरडा आणि तरी गाडी सकाळी सुरू होत नाही, याचं कोडं इथेच उलगडतं. रात्रभरात हवा वर चढते, डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि पंप रिकामा राहतो. हँड प्रायमर (डिझेल हाताने ओढायचा छोटा पंप) मारल्यावर गाडी लगेच सुरू होत असेल तर दोष इथेच आहे.

आता तो पारदर्शक पाइप काढा. फिल्टर आणि इंजेक्शन पंप यांच्यामधला पाइप काढून त्या जागी हा लावा, दोन्ही टोकांना क्लिपा आवळा आणि इंजिन सुरू करा. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे चालतील. सतत बुडबुड्यांची माळ येत राहिली तर हवा शिरतेय. मग मागे मागे सरका: फिल्टरच्या डोक्यावरचं रबर, बँजो बोल्टचे (ज्याच्या आतून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर, प्रायमरचं झिजलेलं रबर, टाकीजवळचे कडक झालेले पाइप, क्लिपा. नोझलवरून परत जाणारे बारीक रबरी पाइपही तपासा, ते भेगाळलेले असले तरी रात्रभरात हवा घेतात. तरीही जागा सापडत नसेल तर स्वच्छ डिझेलचा डबा उंच ठेवून पंपाला थेट त्यातून डिझेल द्या, परतीचा पाइपही त्याच डब्यात सोडा. गाडी व्यवस्थित चालली तर दोष टाकी आणि फिल्टर यांच्यात, पंपात नाही.

पाणी हा दुसरा शत्रू. ते डिझेलपेक्षा जड असल्यामुळे टाकीच्या आणि फिल्टरच्या तळाशी बसतं. पंपाला वंगण डिझेलचंच असतं, त्यामुळे पाण्याचा घोट पंपाचे भाग थेट खरवडतो. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू दर महिन्याला ढिला करून काचेच्या बाटलीत थोडं काढा. खाली वेगळा थर दिसला तर निखळ डिझेल येईपर्यंत सोडत राहा. शेवाळासारखा काळपट चिकट गाळ आला तर तो पाण्याच्या थरात वाढलेल्या जंतूंचा. अशा वेळी टाकी उतरवून धुतल्याशिवाय फिल्टर टिकणार नाहीत.

गाडी काही अंतर छान चालते, मग ओढत नाही, थोडा वेळ उभी केली की पुन्हा ठीक. असं होत असेल तर टाकीतल्या पाइपच्या टोकाची जाळी कचऱ्याने बुजतेय, किंवा टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बंद आहे. ओढ गेल्याबरोबर झाकण उघडा. फुस्स आवाज करत हवा आत गेली तर दोष झाकणाचा.

डिझेल फिल्टर १० ते २० हजार किलोमीटरला बदला आणि एक जादा फिल्टर गाडीत ठेवा. डब्यासारखा फिल्टर आधी भरून बसवायचा असेल तर डिझेल कडेच्या छोट्या भोकांतून ओता. बहुतेक फिल्टरांत मधलं भोक गाळून झालेल्या बाजूचं असतं, तिथून ओतलेला कचरा सरळ पंपात जातो.

हवा काढायची कशी

फिल्टर बदलला, डिझेल संपलं किंवा पाइप उघडला की हे करावंच लागतं.

१. फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू दोन फेरे ढिला करा, खाली चिंधी धरा.

२. हँड प्रायमर मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग धार येत असतानाच, प्रायमर न थांबवता, स्क्रू आवळा.

३. इंजेक्शन पंपावर वेगळा हवेचा स्क्रू असेल तर तिथेही हेच करा.

४. प्रायमर कडक लागेपर्यंत मारा आणि सेल्फ द्या. पुष्कळ वेळा गाडी इथेच सुरू होते.

५. नाही झाली तर दोन नोझलवरचे पाइपांचे नट एक फेरा ढिले करा, चष्मा लावा, तोंड आणि हात लांब ठेवा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. नटाखालून ठोक्याठोक्याला डिझेल उडू लागलं की थांबून नट आवळा आणि उरलेल्या दोघांचं करा.

सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. सेल्फची मोटर अशाच वेळी जळते.

सकाळी सुरू होत नाही

सेल्फ मारताना दुसऱ्या माणसाला सायलेन्सरकडे बघायला लावा. सगळा निदानाचा रस्ता तिथून फुटतो.

धूर अजिबात नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. वरचं सगळं तपासा आणि त्याबरोबर पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड (चावी बंद केली की डिझेल तोडणारी विजेची झडप). चावी ऑन केली की तिथे 'टक' असा आवाज आला पाहिजे आणि तारेवर १२ व्होल्ट मिळाले पाहिजेत. ही एक तार निसटलेली असली की गाडी साफ मेल्यासारखी वागते. दोरीने बंद होणाऱ्या गाडीत दोरी अडकून स्टॉप लिव्हर अर्धवट ओढलेला राहिलाय का ते बघा.

पांढरा धूर येतोय पण इंजिन पेटत नसेल तर डिझेल पोचतंय, उष्णता कमी पडतेय. आधी हीटर प्लग (सुरू करताना सिलिंडरमध्ये उष्णता देणारे प्लग) बघा. त्यांच्यावरची जोडपट्टी काढा आणि प्रत्येक प्लगच्या टोकापासून इंजिनाच्या धातूपर्यंत मल्टिमीटरने ओहम मोजा. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास किंवा कमी दाखवतो. मीटर हललाच नाही तर प्लग गेला. सगळे प्लग ठीक असूनही तापत नसतील तर चावी ऑन असताना पट्टीवर १२ व्होल्ट येतात का पाहा. येत नसतील तर रिले किंवा फ्यूज. गंजलेला प्लग इंजिन गरम असताना, गंज सोडवणारं तेल टाकून, मागेपुढे करत काढा. जोर केला तर टोक हेडमध्ये तुटून राहतं. थेट इंजेक्शनच्या काही जुन्या इंजिनांना हीटर प्लग नसतातच.

हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टन, रिंगा फोडतो.

इंजिन जडपणे फिरत असेल तर हवा पुरेशी तापतच नाही. बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ फार करंट ओढतोय. पण बॅटरी बदलण्याआधी एक चाचणी करा: मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब आहे. इंजिनापासून चॅसीकडे जाणारी विणलेली पट्टी काढा, दोन्ही टोकं आणि बसायच्या जागा घासून चकचकीत करा, पुन्हा आवळा. या दहा मिनिटांच्या कामाने पुष्कळ 'मेलेल्या' बॅटऱ्या जिवंत होतात. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले की अल्टरनेटर ठीक.

धूर काय सांगतो

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर काढून उजेडात धरा, मग टर्बोचे रबरी पाइप, मग नोझल. फिल्टर तेलाच्या भांड्याचा असेल तर तेल खुणेपर्यंतच भरा. जास्त झालं तर इंजिन ते तेल ओढतं आणि त्यावरच पळू लागतं.

निळा धूर ऑइलचा. उभी गाडी सुरू करताना थोडा वेळच येत असेल तर व्हॉल्व्ह सील. ओझ्यावर सतत येत असेल आणि ऑइलच्या झाकणातून जोराचा वाफारा निघत असेल तर रिंगा. टर्बोच्या गाडीत टर्बोचं सीलही बघा.

इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर वास घ्या. डोळे चुरचुरले तर न जळलेलं डिझेल, गोडसर वास आणि घटतं कूलंट असेल तर पाणी.

एखादा सिलिंडर मिसिंग करतोय किंवा टकटक करतोय असं वाटलं तर स्लो आयडलवर एकेका नोझलच्या पाइपचा नट चिंधी गुंडाळून पान्याने अर्धा फेरा ढिला करा. चांगल्या सिलिंडरवर इंजिन लगेच लंगडतं. ज्या नटाने काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाहीये. ज्याने टकटक किंवा धूर थांबतो त्याचं नोझल थेंब गाळतंय.

एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. डिझेल इंजिन टर्बोतून ऑइल ओढून स्वतःहून पळू लागलं तर चावीने बंद होत नाही. हवेचं तोंड जाड फळीने झाका, हात लावू नका. नाहीतर वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडा आणि इंजिन बंद पाडा.

टॅपेट

टॅपेट लावणं म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यामधली फट, म्हणजे गॅप, नीट करणं. हे काम शांतपणे केलं तर अवघड नाही. गॅप मॅन्युअलमधला घ्या, बहुधा ०.२ ते ०.४ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. इनटेक-एग्झॉस्टचा वेगळा असू शकतो, इंजिन थंड हवं की गरम हेही तिथेच लिहिलेलं असतं.

चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात फायरिंग ऑर्डर बहुधा १-३-४-२ असते, आणि १-४ व २-३ या जोड्या एकाच वेळी वर येतात. क्रँक पुलीच्या बोल्टवर सॉकेट लावून इंजिन हाताने, त्याच्या फिरण्याच्याच दिशेने फिरवा. चौथ्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बघत राहा: एक रॉकर वर येत असतानाच दुसरा खाली जाऊ लागतो, त्या क्षणी थांबा. आता पहिल्या सिलिंडरचे दोन्ही टॅपेट मोकळे आहेत, ते लावा. दुसऱ्याचे व्हॉल्व्ह हलताना तिसरा, पहिल्याचे हलताना चौथा, तिसऱ्याचे हलताना दुसरा.

फीलरची पट्टी रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये किंचित घासत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा पट्टी घालून बघा. सैल टॅपेटचा टिकटिक आवाज त्रास देतो खरा, पण घट्ट टॅपेट जास्त घातक: व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. शंका असेल तर किंचित सैल बरं.

तापणं

रेडिएटरमध्ये नुसतं पाणी घालू नका. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. नुसत्या पाण्याने आतून गंज चढतो आणि वेट लायनर (ज्याच्या बाहेरून थेट कूलंट फिरतं असा सिलिंडरचा नळा) असलेल्या इंजिनात लायनरला बाहेरून बारीक खड्डे पडतात. गरम असताना झाकण उघडायचं नाही.

गाडी तापली तर आधी पातळी, मग फॅन बेल्ट (मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर वाकावा), मग रेडिएटरची जाळी. जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या धारेने धुवा. थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला पुष्कळ मिळेल, तो ऐकू नका. थंड चालणारं डिझेल इंजिन जास्त डिझेल पितं आणि लवकर झिजतं. थर्मोस्टॅट पाण्यात तापवून बघा, तो त्यावर कोरलेल्या तापमानाजवळ, बहुधा ८० ते ८८ अंशांना, उघडायला लागला पाहिजे.

थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक झाला, किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट गेलं आहे.

गाडीखालची कामं

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल बदलताना आधी भरायचा बोल्ट उघडा, मगच खालचा. भरायच्या बोल्टाचे आटे गेलेले निघाले आणि ऑइल आधीच सोडलेलं असलं तर गाडी जागेवर अडकते. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं. गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलं असेल तर तिथे जीएल-५ घालू नका, त्यातल्या काही रसायनांनी सिंक्रोच्या (गिअर सहज पडायला मदत करणारा भाग) पितळी रिंगा खराब होतात. एक्सलचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारं हवेचं भोक) मातीने बुजला असेल तर आतला दाब ऑइल सीलमधून वाट काढतो, म्हणून सील बदलण्याआधी ब्रीदर साफ करा.

प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वळणारे सांधे), कमानीच्या शॅकल पिना आणि स्टिअरिंगचे सांधे दर ५ हजार किलोमीटरला ग्रीस करा. निपल आधी पुसा, आणि कडेने नवं ग्रीस दिसेपर्यंत गन मारा. गाडी सुटताना खालून 'टण्ण' आवाज येत असेल तर क्रॉस हाताने पिळून बघा.

डिझेल इंजिनात ब्रेक बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, अनेक गाड्यांत अल्टरनेटरच्या मागेच. इंजिन चालू असूनही ब्रेक पेडल दगडासारखं लागत असेल तर ब्रेक लायनरच्या आधी हा पंप आणि त्याचा होज तपासा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, हवा मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून काढत या.

टायमिंग बेल्ट आणि पंप

इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याची नोंद नसेल तर बाकी सगळ्याआधी तो बदलून घ्या. बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. पहिल्यांदा हे काम जाणत्या माणसाच्या हाताखाली करा.

नोझलचा दाब आणि फवारा तपासणं, पंपाचं कॅलिब्रेशन, ही बेंचवरची कामं आहेत, ती घरी होत नाहीत. पंपावरचे सील केलेले स्क्रू फिरवून धूर कमी करायचा प्रयत्न करू नका. पंप काढायचाच झाला तर आधी चारही बाजू डिझेलने धुऊन घ्या, पंपाची फ्लँज (इंजिनाला टेकणारी कड) आणि इंजिन यांवर मिळून एक बारीक आडवी खूण छिन्नीने कोरा, कारण पंप किती अंशांत बसला होता हे नंतर तीच सांगते. पाइप काढल्या काढल्या प्रत्येक तोंडाला स्वच्छ टोपी किंवा टेप लावा, आणि पाइपांना सिलिंडरचे नंबर बांधा.